कोऱ्या जागेवरची रेघ

दसऱ्याला मशिनला झेंडू वाहिला,
हळदीचं बोट स्पेसबारवर टेकवलं
आणि ‘उद्या जरा उशीर होईल’ म्हणून गेले
कोचरेकर.
तो उद्या अजून चालू आहे.

फोर्टात, जुन्या जकातघराच्या भिंतीला लागून
एक टेबल, दोन खुर्च्या, वर निळी ताडपत्री.
अर्धं टेबल माझं, अर्धं त्यांचं,
मधे खडूची रेघसुद्धा कधी नव्हती.
भाडेकरार, बक्षीसपत्र, हमीपत्र,
एकोणीस वर्षं लोकांचे करार टंकले
आणि आपला एकही केला नाही.

मला त्यांनीच शिकवलं.
म्हणाले, मजकूर कुणीही टंकेल, तू जागा सांभाळायला शीक.
परिच्छेद संपून ओळ उरली
की तिथे तिरकी रेघ ओढायची,
नाहीतर मागाहून कुणी येऊन त्यात एक मजला चढवतो.
एका बाईंचा माजगावचा अख्खा गाळा असाच गेला,
दीड इंच कोऱ्या कागदात.

कायद्याला नसण्याचा हिशोब चांगला येतो.
मोबदला नसेल तर करार शून्य.
शून्य हाच शब्द आहे, मी हजारदा टंकलाय.
‘उत्तर आलं नाही तर मान्य समजू’
असं कुणी पत्रात लिहिलं तरी चालत नाही,
गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.
आणि ज्यांना खबर असायला हवी
त्यांना सात वर्षं माणसाची खबर नसली,
तर तो आहे हे,
आहे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं.

अजून सात वर्षं कुठली, सात महिने झालेत.
त्यांच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणते, गावाला गेले असतील.
गावाहून भाऊ म्हणतो, मुंबईतच असतील.

चेऊलकर वकीलबाईंना विचारलं, आमचा करार होता का?
चहात खारी बुडवत त्या म्हणाल्या,
‘तोंडी करारही करारच. पण कबूल काय होतं?’

मी आठवू लागले.
पालिकेची पावती निम्मी निम्मी.
त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी, आधी माझ्या झाकणात.
माझी रिबन संपली की त्यांची.
आई गेली तेव्हा चौदा दिवस
माझी गिऱ्हाइकं त्यांनी माझ्या नावाने घेतली,
पैसे रबर लावून ठेवले, वर चिठ्ठी: चहाचे वजा केले नाहीत.
आणि एकाने आलंच नाही तर?
तसं कलम नव्हतं.

‘अवघड आहे,’ त्या म्हणाल्या. मग खारीचा चुरा झटकत,
‘एक अपवाद असतो. मोबदल्यावाचूनही वचन टिकतं,
नैसर्गिक प्रेम आणि आपुलकीपोटी दिलेलं असेल तर.
पण लेखी हवं, नोंदवलेलं हवं,
आणि नातं जवळचं हवं.
तुम्ही त्यांच्या कोण?’

समोरून एक बस गेली. मग दुसरी.
मी गप्प राहिले.
त्याचा अर्थ काय होत नाही, ते वर टंकलंच आहे.

परवा वसुलीचा माणूस आला.
‘दुसरी खुर्ची रिकामीच ना? एक मुलगा आहे,
लॅपटॉप घेऊन बसेल, निम्मं भाडं देईल.’
मी दोन्ही निम्मे मोजून दिले.
पावतीवर त्यांचं नाव सांगितलं, काना-मात्रेसकट.
‘पर्यंत’च्या आधी त्याने तारखेची जागा सोडली होती.
सवयीने पेन तिथे गेलं,
तिरकं झालं,
मी टोपण लावून टाकलं.

तीनला ऊन ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्यातून उतरतं,
नेमकं त्यांच्या खुर्चीवर.
रेक्झिन तापतं, तडे जातात.
खुर्ची हातभर आत ओढून घेतली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हटलं,
तिथे नको, इकडे या, उभ्यानेच सांगा.